विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयातील पुरावस्तू शासकीय संग्रहालयाला देताना कोणते कायदे लागू होतात?

आपल्या विश्वस्त संस्थेचे महाल भागातील छोटे संग्रहालय बंद होत असून तेथील मूर्ती, नाणी व पोथ्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला देता येतील का, असे आपण विचारले आहे. देता येतील, मात्र अशा हस्तांतरणासाठी एकच एक कायदा नाही. संग्रहांच्या नोंदवह्या बरीच वर्षे हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की, कलमे चाळण्याआधी प्रत्येक वस्तू संस्थेकडे कोणत्या हक्काने आली, हे पाहावे.

एखाद्या घराण्याने तलवार केवळ प्रदर्शनासाठी ठेवायला दिली असेल, तर तिची मालकी संस्थेची नाही आणि त्या घराण्याच्या लेखी संमतीशिवाय ती पुढे देता येणार नाही. जमिनीत पुरलेली नाणी सापडली असतील, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती दिल्याचा कागद नसेल, तर दानाचा विचार करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा. सापडल्या जागेवरून मालकी ठरते, हा समज मात्र सोडून द्यावा. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्यांतील काही नग लंडनला गेले, काही आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आले. १९५६ मध्ये बालाघाट आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले, तरी नागपूरचे नग नागपुरातच राहिले.

मालकी स्पष्ट झाली की पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ पाहावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित यांना तो लागू होतो. नोंदणीची सक्ती सर्वच पुरावस्तूंना नसून अधिसूचित वर्गांना आहे, त्यांत मूर्ती येतात. अशा वस्तूची मालकी किंवा ताबा बदलला, तर कलम १७ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. येथे अनेक विश्वस्तांचा घोटाळा होतो: कलम १८ ची सूट शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा केंद्राने मान्य केलेल्या संस्थांच्या संग्रहालयांना आहे, केवळ दारावर ‘संग्रहालय’ अशी पाटी आहे म्हणून ती मिळत नाही. तेव्हा शासकीय संग्रहालयाला सूट असली, तरी देणाऱ्या आपल्या संस्थेवरील बंधन उरते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३६ ची पूर्वपरवानगी स्थावर मालमत्तेसाठी आहे. तरीही विश्वस्तांचा रीतसर ठराव करावा, संस्थेच्या घटनेत मनाई नाही ना ते तपासावे आणि मालमत्तेच्या नोंदीत बदल होत असल्यास कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा.

जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, पण मी तेवढ्यावर कधीच थांबणार नाही. दानपत्रासोबत प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, मापे, वजन व सद्यःस्थिती यांची यादी जोडावी आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. वस्तू कायम दालनात मांडली जाईल, असे आश्वासन सहसा मिळत नाही. पुढे ती परत मागण्याचा हक्क हवा असेल, तर दानपत्राऐवजी मुदतीचा उसनवारी करार करावा.