गळकी कॅम्पर व्हॅन घ्यावी का?

प्रश्न : चौदा वर्षे जुनी कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) स्वस्तात मिळते आहे. पावसात छताच्या झरोक्यापाशी गळते. मालक म्हणतात, सिलिकॉन लावलं की झालं. घ्यावी का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सिलिकॉनवर विसंबू नका. जुन्या, मळक्या थरावर ते धरत नाही आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटतही नाही. झरोक्याची चौकट स्क्रू काढून उचलावी, जुना मसाला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालावी. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. टेप दबते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पण खरा खर्च आत दडलेला असतो. पाणी छत-भिंतींच्या सांगाड्यातून वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात उतरतं. कपाटांमागचा, खिडक्यांखालचा प्लायवूड अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला तर फर्निचर उतरवून प्लाय बदलावा लागेल. त्यात सामानापेक्षा मजुरी जास्त जाते. तसं असेल तर आमचं मत : सोडून द्या.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 2317 म्हणजे टायर 2017च्या 23व्या आठवड्यात बनला. उभ्या गाडीचं रबरही तडकतं, नक्षी शाबूत दिसली तरी. सहा-सात वर्षं उलटली असतील तर पूर्ण संच किमतीत धरा.

गाडीतले दिवे-पंखे चालवणारी (इंजिनाची नव्हे) लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग आणि दिवे-पंखे बंद ठेवून काही तासांनी मोजा : 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.1 म्हणजे साधारण निम्मी. वारंवार त्याखाली उतरवलेली बॅटरी लवकर मरते.

खासगी नोंदणी असेल तर 15 वर्षांनंतर तपासणी व नूतनीकरण आहेच. आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिलाय, तेही बयाणा देण्याआधी पाहा.