बोगद्याच्या तोंडाशीच थांब

अलिबाग

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बोरघाटातल्या त्या जुन्या बोगद्यात मे महिन्यात जायचं म्हणतेस, ते वाचलं. आपल्या किनाऱ्यावरची एक मुलगी वटवाघळांच्या मागे लागली, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! जरूर जा, पण दिवाळीनंतर. आणि आत शिरू नकोस. एवढंच तुला पटवायचं आहे.

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तेव्हा वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढत असे. पुढे नवा मार्ग झाला आणि जुना ओस पडला. गाड्या थांबल्या की बोगदा म्हणजे वटवाघळांना आयती गुहाच. अंधार, ओल, बारा महिने जवळपास सारखी हवा आणि नखं रोवायला खडबडीत छत. तुझा बोगदा नेमका कुठला, हे मी इथे लिहीत नाही. तूही फोटोबरोबर जागेचं नाव टाकू नकोस. एकदा पत्ता फुटला की टॉर्च आणि फटाके घेऊन येणारे कमी नसतात.

आत का जायचं नाही, ते सांगतो. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि आपल्याकडे पुष्कळ जातींची पिल्लं पावसाच्या तोंडावर जन्मतात. म्हणजे तू निवडलेला मे महिना सगळ्यात नाजूक. अंगावर उजेड पडला की आया एकदम उडतात, पिल्लं खाली पडतात, आणि खाली लेंड्यांच्या थरात किड्यांची वळवळ असते. तिथे पडलेलं पिल्लू सहसा वाचत नाही.

तुझ्या जिवाचंही बघ. त्या वाळलेल्या थराची धूळ नाकात गेली तर त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता. म्हणून घाबरून जाऊ नकोस. लांब बसून बघण्यात काही धोका नाही, पण हात लावायचा नाही, खाली पडलेल्यालाही नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धू आणि थेट दवाखाना गाठ. घाटातल्या रुळांवरून चालत जायचा विचारही नको. ती लाइन सतत चालू असते. शिवाय रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, म्हणून आधी परवानगी काढ.

आता बघायचं कसं. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जाऊन बस. तोंडाच्या मधोमध बसू नकोस, ती त्यांची वाट आहे. बाजूला अशी जागा धर की मावळतीचं आभाळ तुझ्या समोर येईल. वटवाघळं त्याच्यावर काळी उठून दिसतात. आतून अमोनियाचा उग्र वास येईल, त्याची थोड्या वेळाने सवय होते. आधी चार-दोन जणं तोंडापर्यंत येतात, घिरटी घालतात, पुन्हा आत जातात. अजून फार उजेड आहे, हे ती बघून जातात असं मला वाटतं. मग एका क्षणी धार लागते. लहान, कीटक खाणारी भिंतीला घासून खालून सुटतात. त्यांचा आवाज आपल्या कानाच्या पट्टीबाहेरचा. बोगद्यात राहणारी फळं खाणारी मोठी असतात आणि जिभेने टकटक करत अंधारात वाट काढतात. शांत बसलीस तर ती टकटक कदाचित ऐकू येईल.

फळं खाणाऱ्यांना बागायतदार शिव्या घालतात, ते मी समजू शकतो. पिकलेला आंबा अर्धा कुरतडलेला बघून कोणाचं मन दुखणार नाही? पण तळकोकणात काजूच्या दिवसांत वटवाघळं बोंडं दुसऱ्या झाडावर नेऊन खातात आणि बिया खाली टाकतात, त्या लोक सकाळी वेचून आणतात. वड, उंबर, जांभळाची रोपं रानात दूरवर उगवतात, त्यातही यांचा मोठा वाटा. आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने यांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवून पाचव्या परिशिष्टात टाकलं होतं! ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेलं. लोकांच्या मनातून ते जायला हवं, आणि ते काम तुझ्यासारख्यांनीच करायचं आहे.

मोजणीसाठी हातात बोटाने दाबायचा काउंटर ठेव आणि दर पाच मिनिटांनी आकडा वहीत उतरव. सोबत एक जण हवाच: तू बाहेर पडणारी मोज, त्याने परत आत गेलेली मोजावी, म्हणजे वजाबाकी करता येईल. टॉर्चला लाल कागद लाव आणि तो फक्त वहीवर धर. पाऊस लागला की घाटात दरडी येतात, तेव्हा आणि पिल्लांच्या दिवसांत नको, दिवाळीनंतर जा. तोवर आपल्या वाडीतल्या जांभळाखाली संध्याकाळी बसून मोजायचा सराव कर आणि आकडे मला पाठव.

तुझा,
काका