नववीच्या शिक्षकांनी दर शनिवारी एकत्र बसल्याने मुलांचे मार्क खरंच वाढतात का, की आणखी एक रजिस्टर वाढतं?

तुम्ही लिहिलंय की माण तालुक्यातल्या एका हायस्कूलात लागून तुम्हाला दोन वर्षं झाली. नवे मुख्याध्यापक म्हणतात, नववीच्या सगळ्या विषयशिक्षकांनी दर शनिवारी अर्धा-पाऊण तास एकत्र बसायचं. आणि तुम्हाला धास्ती आहे की याचंही शेवटी एक रजिस्टर होणार. धास्ती खरी आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी त्याचं रजिस्टरच झालं होतं. "अप्रगत विद्यार्थ्यांबाबत चर्चा करण्यात आली" असं लिहायचं, खाली सह्या, चहा, घरी.

मी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात गणित शिकवते. एकवीस वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर "हो" आहे, पण ते कसं हे कळायला आधी एका एसटीची गोष्ट सांगते.

नववी ब मध्ये एका वस्तीवरची नऊ मुलं होती. पहिल्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी चार, पाच, तीन. मी मनात ठरवून टाकलं होतं की वस्तीवरची पोरं घरी पुस्तक उघडत नाहीत. विज्ञानाच्या सरांचं मत तेच. मग एका शनिवारी सगळे आपापली चाचणीची यादी घेऊन बसलो तेव्हा इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, "ही मुलं? माझ्याकडे बरी आहेत की. त्यातली एक तर सगळ्यात आधी हात वर करते." मराठीतही ती बरी होती. आम्ही दोघं जरा वरमलो. तेवढ्यात कुणीतरी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. इंग्रजी आणि मराठी सकाळी. गणित आठवड्यातले चार दिवस शेवटच्या तासाला, उरलेल्या दिवशी तिथे विज्ञान.

शाळा पाचला सुटते. वस्तीकडे जाणारी गाडी चार वीसला. तिच्यानंतर थेट मुक्कामाची गाडी, ती सव्वासातला. मुलींना एसटीचा पास मोफत असला तरी पासाने काही गाडी थांबत नाही, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून चालत येऊ नका हे घरच्यांनी बजावलेलं. कधीतरी आधीच्या कुणा वर्गशिक्षकांनी "जा रे तुम्ही चारला" अशी तोंडी परवानगी दिली होती, ती वर्षानुवर्षं चालत आलेली. हजेरी घेतली जाते पहिल्या तासाला, नंतर एकदा मधल्या सुट्टीनंतर. त्यामुळे हजेरीपटावर ही नऊ मुलं रोजची हजर! गणिताला मात्र आठवड्यातून फार तर एकदा बसलेली. शेवटच्या तासाला वर्ग थोडा मोकळा दिसायचा, हे मलाही दिसत होतं. पण साठ मुलांत आठ-नऊ कमी आहेत आणि ती रोज तीच आहेत, हे मी कधी मोजलंच नाही.

उपाय काय, तर चित्रकला, कार्यानुभव आणि पीटी शेवटी टाकले, गणित दुपारी जेवणाआधी आणलं. चित्रकलेचे सर अर्धवेळ, ते ठरलेल्या दिवशीच यायचे, म्हणून वेळापत्रक बसवायला दोन दिवस डोकं फुटलं. खर्च शून्य. दिवाळीपर्यंत त्या नऊपैकी सात मुलं कच्च्या मुलांच्या यादीतून बाहेर आली. दोघं राहिली, त्यांची अडचण खरोखरच गणिताची होती. ज्या तीन महिन्यांत मी त्यांना आळशी म्हणत होते ते मात्र मला अजून टोचतात.

यात कुणी कुणाला नवीन शिकवणपद्धत दिली नाही. माझ्याकडे फक्त गणिताचे मार्क होते, मॅडमकडे फक्त इंग्रजीचे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर तिसरीच गोष्ट दिसली. स्टाफरूममध्ये आम्ही रोज बोलतो, पण ते "ब तुकडी फार वांड आहे बुवा" या पलीकडे जात नाही. नाव घेऊन, एका मुलाबद्दल, सगळ्या विषयांचं समोर ठेवून बोलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपोआप होत नाही. वेळ बांधूनच घ्यावी लागते.

दुसरं उदाहरण शिकवण्यातलंच. नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ गतीचे नियम. विज्ञानाचे सर वैतागलेले, की पोरांना सूत्र पाठ आहे, v = u + at (शेवटचा वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ) घडाघडा म्हणतात, पण v, u आणि t देऊन a काढायला सांगितलं की पेन थांबतं. मी म्हटलं, दोन चलांतली समीकरणं माझ्याकडे पाचव्या प्रकरणात येतात, त्याला अजून वेळ आहे. मग विचारलं, तुम्ही पद दुसऱ्या बाजूला कसं नेता? सर म्हणाले, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." मी वर्गात शिकवत होते "दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करा". सातवी-आठवीत आणखी कुणी तराजूचं चित्र काढून शिकवलेलं. आणि ट्यूशनवाल्यांनी सूत्राचा त्रिकोण दिलेला, ज्यात एका पदावर बोट ठेवलं की उत्तर येतं! तो त्रिकोण गुणाकाराच्या सूत्राला चालतो, u + at ला अजिबात नाही. चार माणसांनी चार वाटा दाखवल्यावर पोर चौकात उभं राहणार नाही तर काय करेल?

आम्ही एवढंच ठरवलं की दोन महिने दोघांच्याही वर्गात एकच भाषा: दोन्ही बाजूंना तेच करायचं. चिन्ह बदलण्याचा झटपट नियम नंतर. मी माझा क्रम मोडून जुलैत सहा तास साध्या समीकरणांवर घातले, सरांनी तोवर गतीची उदाहरणं थांबवून आलेख घेतले. सरांनी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून दोन तास बघितले, मी त्यांच्याकडे एक. जपानमध्ये शिक्षकांनी असं मिळून एक पाठ आखायचा, एकाने शिकवायचा आणि बाकीच्यांनी मुलांकडे बघत बसायचं ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे वर्गात दुसरा शिक्षक येऊन बसला की लोकांना वाटतं तपासणी आली. सुरुवातीला मलाही घाम फुटला होता.

आता वेळेबद्दल. आपल्या बहुतेक शाळांत मदत म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतले ज्यादा तास, तेही दहावीला, तेही शाळा सुटल्यावर. ज्याला गरज आहे तोच चार वीसच्या गाडीने गेलेला असतो. बसतात कोण, तर गावातली मुलं, ज्यांचं बरं चाललंय. शिवाय जानेवारीत पूर्णांकांच्या वजाबाकीपासून सुरुवात करून मार्चला बोर्ड गाठायचं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

नववी ही तर सगळ्यात बेवारस इयत्ता. आठवीपर्यंत वर ढकललं गेलेलं मूल (पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली ती अलीकडे), आणि पुढच्या वर्षी बोर्ड. २०२३ च्या असर (ASER) या शिक्षण-पाहणीच्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती: सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमणारी मुलं निम्म्याहून कमी, ४३ टक्क्यांच्या आसपास. ही मुलं आपल्याच वर्गात बसलेली आहेत. तरी शाळेतले अनुभवी शिक्षक दहावीला दिले जातात, कारण फ्लेक्स दहावीच्या निकालाचा लागतो.

या फ्लेक्सपायी जे होतं ते इथे लिहिलंच पाहिजे. मी आधी ज्या शाळेत होते तिथे नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सांगितलं जायचं, "नापास करतो, नाहीतर दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा." म्हणजे मूल बाहेरून बसणार आणि त्याचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरला जाणार नाही. निकाल सुधारण्याचा हाही एक मार्ग आहे! मी तेव्हा गप्प बसले होते. तुमच्या शाळेत शनिवारची यादी या कामाला वापरली जाऊ लागली तर मात्र ती फाडून टाका.

परदेशातलं एक उदाहरण मला पटलेलं आहे. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असतं. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं की नववीच्या शेवटी मूल "रुळावर" आहे की नाही, एवढ्यावरून ते चार वर्षांत शाळा पूर्ण करेल का याचा अंदाज आठवीच्या चाचणीतल्या मार्कांपेक्षा चांगला येतो. रुळावर म्हणजे पुढे जायला लागणारे किमान पाच क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारी एककं) मिळालेले, आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्रात नापास नाही. रुळावरच्या मुलांची शाळा पूर्ण होण्याची शक्यता घसरलेल्यांच्या साधारण साडेतीन पट निघाली. मग तिथल्या शाळांत नववीच्या शिक्षकांचे गट बसू लागले, समोर मुलांची नावं, हजेरी आणि चालू मार्क. रुळावरच्या मुलांचं प्रमाण २००७ मध्ये ५७ टक्के होतं, ते २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेलं. त्यांची गरिबी आपल्यासारखी नाही आणि वर्गही साठचे नाहीत, हे धरूनच सांगते. पण नववीतली घसरण आधी हजेरीत दिसते आणि मार्कांत नंतर, हे इथेही तसंच आहे.

इलिनॉयमधल्या स्टीव्हन्सन हायस्कूलमध्ये रिचर्ड ड्यूफोर नावाचे मुख्याध्यापक होते, त्यांनी अशा बैठकीला चार प्रश्न लावून दिले: मुलांना नेमकं काय यायला हवं, ते आलं हे कशावरून कळणार, नाही आलं तर आपण काय करणार, आणि ज्यांना आधीच येतं त्यांचं काय. आम्ही तिसऱ्यावरच बहुतेक वेळ घालवतो, चौथ्यावर आमची बोंब आहे. पण त्यांची एक गोष्ट उचलली: मदत शाळेच्या वेळात, आणि "ज्याला हवं त्याने या" अशी नाही. ज्याला ऐच्छिक ठेवाल त्याला गरजू मूल येत नाही, त्याला लाज वाटते.

आमची शनिवारची रीत अशी. सकाळची शाळा सुटली की चाळीस मिनिटं, जास्त नाही, कारण त्यानंतर कुणाचं यू-डायस (शाळेची माहिती सरकारी पोर्टलवर भरणं) असतं, कुणाचं मतदार यादीचं काम, कुणाची द्राक्षाची छाटणी. एकच कागद: मुलाचं नाव, नेमकं काय अडतंय, कोण बघणार, कधीपर्यंत. "गणित कच्चं" असं लिहिलं की तो रकाना रिकामा धरायचा. "ऋण संख्येची वजाबाकी" असं लिहायचं. एका बैठकीत सहा-सात मुलं, त्याहून जास्त नाही. "ढ" आणि "पालकच लक्ष देत नाहीत" ही दोन वाक्यं बंद. दुसरं बरेचदा खरं असतं, पण त्यावर शनिवारी करण्यासारखं काही नसतं. अ आणि ब तुकडीला घटक चाचणी एकच काढतो आणि पेपर अदलाबदल करून तपासतो. पहिल्यांदा माझ्या तुकडीचे एका प्रश्नाचे मार्क शेजारच्या सरांच्या तुकडीहून निम्मे आले. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग जाऊन विचारलं, तुम्ही तो भाग कसा घेतला? त्यांनी जमिनीवर खडूने संख्यारेषा काढून पोरांना चालवलं होतं. आता मीही चालवते.

मुख्याध्यापकांनी बैठकीत बसावं की नाही? आमचे बसतात, पण बोलत नाहीत. वेळापत्रक हलवायचं असेल तेव्हा त्यांचीच गरज लागते. ते मार्कांवरून शिक्षकांची झडती घेऊ लागले तर दुसऱ्या शनिवारपासून सगळे खोटे मार्क घेऊन येतील.

आता न जमलेलंही सांगते. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत, देशभर पसरलेली आहेत. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा अभ्यासात मागे पडला की मामा-काका म्हणतात, चल माझ्याबरोबर. त्याची खूण वर्गात आधी दिसते. वह्या पूर्ण होणं थांबतं, मग सोमवारी दांडी, मग सलग. एका मुलाबद्दल माझ्या, मराठीच्या आणि पीटीच्या सरांच्या, तिघांच्याही लक्षात काही ना काही आलं होतं. पण त्या महिन्यात गणपती, मग कसलं तरी प्रशिक्षण, दोन शनिवार बैठकच झाली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा अकरा दिवस झाले होते आणि तो कोइमतूरला पोहोचला होता. आई म्हणाली, "बाई, तुम्ही आठ दिवस आधी आला असतात तर बापाला सांगता आलं असतं." तेव्हापासून तीन दिवस सलग गैरहजर की फोन, पाच दिवस की दोघांनी घरी जायचं, बैठक असो नसो. तरीही पोरं जातात. काहींना जावंच लागतं.

तो मुलगा गेल्या दिवाळीत गावी आला होता, शाळेच्या फाटकाशी भेटला. दुकानात हिशेब तोच ठेवतो म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, "बाई, १७ नंबरचा फॉर्म कधी सुटतो?" मी बोर्डाच्या साइटवर बघून तारीख पाठवली, आणि विज्ञानाच्या सरांना त्याचा नंबर दिला.