आधी जीवाणू ठरवा, मग संगणक की प्लेट हे आपोआप ठरेल

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवाणूंचे जीनोम (संपूर्ण डीएनए-मजकूर) आणि त्यांची परिस्थितिकी (भोवतालाशी असलेले नाते) या विषयांत मला संशोधन करायचे आहे. आता सगळे काम संगणकावर होते, प्रयोगशाळेत वेळ घालवू नकोस, असे वरिष्ठ विद्यार्थी सांगतात. मला प्लेटवरचे, म्हणजे बशीतल्या माध्यमावर जीवाणू वाढवण्याचे, काम आवडते आणि प्रोग्रॅमिंगची धास्ती वाटते. मी कोणती वाट धरावी? पुढे नोकरीचे काय?

उत्तर : तुमच्या वरिष्ठांचा सल्ला अर्धाच खरा आहे. समजा, तुम्ही ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूची एक कॉलनी (प्लेटवर वाढलेला ठिपका) सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्यासाठी, पाठवली. या जीवाणूचा जीनोम साधारणपणे ४५ ते ५५ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) असतो. तुमची असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून तयार झालेला जीनोम, मात्र ९० लाखांच्या पुढे गेली. ज्याला फक्त प्रोग्रॅम चालवता येतो तो सॉफ्टवेअरची सेटिंग्ज बदलत बसेल. ज्याने शेकडो वेळा स्ट्रीकिंग (प्लेटवर रेघा ओढून जीवाणू वेगळे करणे) केले आहे, त्याला पहिली शंका कॉलनीच्या शुद्धतेची येईल : तिच्यात दुसरा जीवाणू मिसळला तर नाही? तो ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून जपलेल्या नमुन्यातून) पुन्हा स्ट्रीक करील आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कॉलन्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या, वेगळ्याच रंगाच्या कॉलन्या त्याला कदाचित दिसतील. अर्थात असेंब्लीचा आकार पाहण्याची सवय नसती, तर ही शंकाही आली नसती.

या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. १९९० साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टीफन जिओव्हानोनी आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकमधील सारगॅसो समुद्राच्या पाण्यातून थेट मिळवलेल्या जनुकक्रमांवरून 'एसएआर११' हा जीवाणूंचा गट ओळखला. समुद्राच्या वरच्या थरात विपुल असलेला हा जीव नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढतच नव्हता. जिओव्हानोनींच्याच चमूला तो प्रयोगशाळेत वाढवता आला तो २००२ साली, तोही समुद्राचेच निर्जंतुक पाणी माध्यम म्हणून वापरून, म्हणजे त्याला ज्या उपासमारीची सवय आहे तीच त्याला देऊन. २००५ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तो जेमतेम १३ लाख बेसजोड्यांचा. जनुकक्रमाने जीव दाखवला, परिस्थितिकीने त्याला वाढवण्याची युक्ती दिली आणि जीनोमने त्याचा काटकसरी स्वभाव उघड केला. यातला एकही दुवा वगळता आला नसता.

प्रोग्रॅमिंगची धास्ती घालवण्यासाठी वर्ग लावण्याची घाई करू नका. तुम्हाला ज्याविषयी खरोखर कुतूहल आहे अशी एकच प्रजाती निवडा, सार्वजनिक संग्रहातून तिचे वीस जीनोम उतरवून घ्या आणि लिनक्सच्या मोजक्या आज्ञा व पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषांच्या साहाय्याने एवढेच शोधा की कोणती जनुके सगळ्या स्ट्रेनमध्ये (त्या प्रजातीच्या वेगवेगळ्या वाणांमध्ये) आहेत आणि कोणती काहींतच. काही आठवड्यांत तुमच्या लक्षात येईल की अडचण कोडची नसून नोंदींची आहे : स्ट्रेन मातीतून घेतला की सांडपाण्यातून, कोणत्या तापमानाला, कोणत्या ऋतूत, हे अनेक नोंदींत लिहिलेलेच नसते. अशा वेळी परिस्थितिकीचा विद्यार्थी नुसत्या संगणकतज्ज्ञापेक्षा पुढे असतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीबाबत गोड बोलून उपयोग नाही. पीएच.डी.ला चार ते सहा वर्षे लागतात, त्यानंतर पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, कंत्राटी वर्षे येतात आणि कायम अध्यापकपदे पीएच.डी.धारकांच्या मानाने फारच थोडी असतात. मात्र हेच कौशल्य साथरोगांच्या जीनोम-निरीक्षणात, सांडपाण्यातील जंतूंचा माग काढण्यात, अन्नसुरक्षेत आणि शेतीसाठीच्या जैविक उत्पादनांत लागते. या कामांना दुय्यम समजू नका.

मार्गदर्शकाची निवड मात्र सर्वांत जपून करा, कारण विषय मध्येच बदलता येतो, मार्गदर्शक बदलणे अवघड जाते. भेटीपूर्वी त्यांच्या मागील चार-पाच विद्यार्थ्यांना गाठून विचारा की पदवी किती वर्षांत मिळाली, शोधनिबंधातील नावांचा क्रम कसा ठरला आणि स्ट्रेनचा संग्रह कोण सांभाळते. प्रत्यक्ष भेटीत त्यांचा फ्रीझर पाहायला मागा. कुप्यांवर तारीख, स्रोत आणि नाव नीट लिहिलेले असेल, तर त्या प्रयोगशाळेतील जीनोमच्या फायलीही बहुधा जागच्या जागी असतील.