गाडी अडीच फूट, माणूस दोन फूट

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, ‘तुमच्या दुचाकी गाड्या रात्री कशा उभ्या असतात?’ उत्तरादाखल आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांना गॅरेजचे नकाशे जोडले आहेत. दोघांनी तर पोचे आलेल्या टाक्यांचे फोटो पाठवले. म्हणून यावेळी इंजिनाचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि जागेचेच घेतो.

प्रश्न : दहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल गॅरेज आहे. शटर समोरच्या आखूड बाजूला, जवळजवळ पूर्ण रुंदीचं. आत चार गाड्या : बाजूला बॉक्स लावलेली सव्वादोनशे किलोची टूरर (लांबच्या प्रवासाची गाडी), दीडशे सीसीची रोजची, बायकोची स्कूटर आणि वडिलांची जुनी टू-स्ट्रोक. चारही तोंड आत करून शेजारी शेजारी लावतो. हवी असते ती गाडी नेमकी मध्ये अडकलेली असते. परवा रोजची काढताना माझं कोपर स्कूटरला लागलं, स्कूटर टू-स्ट्रोकवर गेली आणि टू-स्ट्रोक भिंतीवर. वडिलांच्या टाकीला पोचा आला. मोठं गॅरेज घेणं शक्य नाही. गाडी विकणं शक्य आहे, पण इच्छा नाही. काय करू? — *कोंडीत सापडलेला*

उत्तर : टाकीचं वाईट वाटलं. माझ्याकडे पाच गाड्या आहेत आणि त्यातल्या तिघींनी एकमेकींच्या अंगावर पडून दाखवलेलं आहे. तो आवाज एकदा ऐकला की माणूस फूटपट्टी घेऊन बसतो. मीही तेव्हाच बसलो.

तुमच्याकडे जागा आहे, फक्त ती तुम्ही वापरत नाही. गाडीचं हँडल साधारण अडीच फुटांचं. चार गाड्या शेजारी लावल्या की दहा फूट संपले. गाडी सात फूट लांब, म्हणजे खोलीतले उरलेले अकरा फूट मोकळे पडले आहेत आणि तिथे बहुतेक रिकामे डबे असणार. गाड्यांना जागा मिळाली, पण त्या काढणाऱ्या माणसाला मिळाली नाही. गाडी हलवताना तुम्ही तिच्या डावीकडे उभे राहता आणि तुम्हाला दोन फूट लागतात. अडीच आणि दोन, साडेचार. एवढी एक सरळ वाट शटरपासून आतपर्यंत रिकामी राहिली, तर कुठलीही गाडी दुसरीला न हलवता निघते. तेव्हा आधी वाट आखा आणि मग उरलेल्यात गाड्या बसवा.

कागदावर एक फुटाला एक इंच धरून गॅरेज काढा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापा. टूररची पट्टी तीन इंच रुंद घ्या, तिला बॉक्स आहेत. आता शटरपाशी उभे राहून आत बघताय असं समजा.

उजव्या भिंतीला, शटरजवळ, टूरर. डाव्या भिंतीला शटरजवळ स्कूटर आणि तिच्या मागे रोजची. पाठच्या भिंतीला आडवी टू-स्ट्रोक. तीन आणि अडीच वजा केले की मध्ये साडेचार फूट उरतात. टूररच्या मागे, म्हणजे तिच्यापासून आत पाठच्या भिंतीपर्यंत, काही ठेवू नका. शेल्फ हवं असेल तर भिंतीवर हँडलच्या वर ठोका.

‘रोजची गाडी पुढे आणि क्वचित लागणारी मागे’ असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. मी वजनाप्रमाणे लावतो. जी सगळ्यात जड, तिला सगळ्यात सरळ रस्ता. महिन्यातून एकदा काढायची असली तरीसुद्धा. दीडशे सीसीची गाडी स्कूटरला वळसा घालून काढायला रोज अर्धा मिनिट जास्त गेला तर काही बिघडत नाही, पण सव्वादोनशे किलोला अडचणीत एकच वळण द्यायला लागलं तरी त्यात कंबर जाते नाहीतर बॉक्स जातो.

आता तोंड कुठे करायचं? तुम्ही सगळ्यांची तोंडं आत केलीत आणि निम्मा घोळ तिथेच झाला. गाडीचा साइड स्टँड डावीकडे असतो आणि हलवणारा माणूसही डावीकडे. तेव्हा प्रत्येक गाडीची डावी बाजू वाटेकडे यायला हवी. उजव्या भिंतीची टूरर तोंड आत करून लावा. डाव्या भिंतीच्या दोघी मात्र तोंड शटरकडे करून, म्हणजे मागे घेत आत न्यायच्या. हलक्या गाड्या मागे घ्यायला सोप्या असतात. डाव्या बाजूला लांबीत जे दीड-दोन फूट उरतात ते सगळे स्कूटर आणि रोजची यांच्या मध्येच ठेवा, भिंतीकडे वाया घालवू नका. रोजचीचं तोंड वाटेकडे किंचित वळवून ठेवलं की ती पुढे ढकलतच स्कूटरला वळसा घालून बाहेर येते.

इथे उताराकडेही बघा. पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजची फरशी बहुतेक वेळा शटरकडे उतरती असते. एक गोटी सोडा, कळेल. उतार तसा असेल तर टूररचं तोंड चढाकडे आहे, ते उत्तम : आत नेताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन तिला ओढतं आणि बाहेर काढताना उतार मदत करतो. उलट डाव्या भिंतीच्या दोघींची तोंडं उताराकडे आहेत. अशी गाडी साइड स्टँडवर लावली आणि ती जरा पुढे सरकली, की स्टँड आपोआप मिटतो. म्हणून रोजचीला मेन स्टँड असेल तर मेन स्टँड, नसेल तर पहिल्या गिअरमध्ये उभी करा. स्कूटरला गिअर नाही, तिला मेन स्टँडच.

कुठली गाडी कुठल्या स्टँडवर हे आधी ठरवा आणि मगच फरशीवर खडूने खुणा करा. साइड स्टँडवर गाडी कलते तेव्हा हँडल जवळजवळ वीतभर डावीकडे जातं. साइड स्टँडवरची गाडी भिंतीला तेवढी जास्त चिकटवता येते. पण त्याच खुणेवर कुणी तिला मेन स्टँडवर घेतली, तर उजवी मूठ भिंतीत घुसते. माझ्या भिंतीवर अशा मुठीचा एक अर्धगोल आहे, अजून तसाच. खूण हँडलची करू नका, दोन्ही चाकांची करा. खडू पुसला जातो, तेव्हा महिनाभराने जागा पटली की रंगाचे पट्टे ओढा. माझा मुलगा सुरुवातीला हसायचा. आता रात्री उशिरा येतो आणि दिवा न लावता पट्ट्यावर गाडी लावतो.

राहिली टू-स्ट्रोक. ती शंभर किलोच्या आसपासची असणार, म्हणून तिला कोपरा. तोंड डाव्या भिंतीकडे, म्हणजे तिचीही डावी बाजू तुमच्याकडे येईल. तिच्याखाली चाकांची बसकी ट्रॉली घ्या. गाडी मेन स्टँडवर ट्रॉलीवर चढवायची आणि ट्रॉली जागच्या जागी फिरवायची. टूररमागची जी जागा मी रिकामी ठेवायला लावली ती याच गिरकीसाठी. ट्रॉलीच्या निदान दोन चाकांना ब्रेक हवा आणि चाकं तीन इंचांपेक्षा लहान नकोत, कारण लहान चाक फरशीच्या सांध्यात अडकतं. हलवण्याआधी झाडू मारा. मी एकदा मारला नाही. ट्रॉलीचं चाक सहा नंबरच्या एका बोल्टवर थांबलं, ट्रॉली थांबली आणि गाडी मात्र पुढे निघाली. सुदैवाने पुढे मी होतो. सुदैवाने म्हणजे गाडीच्या.

उतारावर ट्रॉली एकट्याने हलवू नका. आणि दोन गाड्या जिथे शेजारी येतील तिथे एक हात अंतर ठेवा. ते जमतच नसेल तर एकीचं हँडल दुसरीच्या शेपटीशेजारी येईल अशी उलटसुलट लावा. शेपटी हँडलपेक्षा अरुंद असते, तेवढी जागा वाचते. आरसेही आत वळवा.

प्रश्न : माझी स्कूटर काढायची तर आधी नवऱ्याची जड गाडी मागे घ्यावी लागते. तो घरी नसला की मी सरळ चालत जाते. मला ती गाडी हलवता येईल का? — *उंची पाच फूट*

उत्तर : ताई, येईल. पण आधी वरचं उत्तर यजमानांच्या हातात द्या. तुमच्या रोजच्या स्कूटरच्या वाटेत त्यांची गाडी का, हा प्रश्न उंचीचा नाही.

तरी शिकून ठेवा. गाडी उचलायची नसते, तोलायची असते. सरळ उभी असताना तिचं वजन चाकांवर असतं, तुमच्यावर नाही. डावीकडे उभ्या राहा. हँडल लॉक निघालंय ना आणि न्यूट्रल आहे ना, हे दोन्ही बघा. लॉक काढायचं विसरून ढकलली की गाडी वळत जाते आणि पडते. डावा हात डाव्या मुठीवर. उजवा हात उजव्या मुठीवर पोचत असेल तर तिथे, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. पोचत नसेल तर सीटमागच्या पकडीवर ठेवा, पण मग ब्रेक हाताशी नाही हे लक्षात ठेवून फक्त सपाटीवरच हलवा. गाडी स्वतःकडे अगदी किंचित कलू द्या, कमरेला टेकेल एवढीच. पलीकडे कलली तर तुमच्या हातात काही राहत नाही. ढकलायचं ते हातांनी नाही, मांडीने आणि कमरेने.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. थांबता थांबता गाडी आडवी होते ती तिथेच. हँडल सरळ करा आणि मग ब्रेक.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. गाडी मागे घेताना साइड स्टँड खाली असू द्या. तो पुढच्या बाजूला उघडतो. गाडी मागे जाताना तुमच्याकडे कलली तर तो जमिनीला टेकून घट्ट बसतो आणि गाडी धरतो. पुढे ढकलताना मात्र तो वर घ्या, कारण तेव्हा तो टेकला की मिटेल. (नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद पडतं किंवा सुरूच होत नाही, पण तुम्हाला इंजिन नकोच आहे.)

पडायला लागली तर पडू द्या. हात सोडा आणि बाजूला व्हा. अर्ध्या कललेल्या गाडीला वाचवायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आठवडाभर पाठीला पट्टा बांधून फिरतात. पडलेली उचलायची रीत वेगळी : इंजिन बंद, पेट्रोल सांडतंय का ते बघा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा आणि पहिला गिअर टाका, म्हणजे उभी राहिल्यावर पलीकडे जाणार नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवून बसा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकड धरा, पाठ ताठ ठेवा आणि पायांनी लहान लहान पावलं मागे टाकत उठा. पहिल्यांदा करताना कुणीतरी शेजारी असू द्या.

प्रश्न : गाड्या हलवायचा कंटाळा येतो म्हणून दर रविवारी चारही गाड्या गॅरेजमध्येच पाच-पाच मिनिटं चालू ठेवतो. एवढं पुरतं ना?

उत्तर : पुरत नाही आणि नुकसानही करतं. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं. सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी संथ इंजिन पाच मिनिटांत भरून देईल याचाही भरवसा नाही. त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अरुंद जागेत शटर अर्धं उघडं ठेवून भागत नाही. गाडी सुरू करायची ती बाहेर काढून, आणि मग अर्धा तास चालवूनच आणायची. तेवढा वेळ नसेल तर सुरूच करू नका. बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावा. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या वर दाखवते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवा.

प्रश्न : गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवर पाणी तापवायचं यंत्र आहे. पेट्रोलचा वास कधीतरीच येतो. चालेल?

उत्तर : नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि तुमच्या नाकापर्यंत येण्याआधी त्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. यंत्र हलवा. तोपर्यंत गाड्या बाहेर ठेवा, भिजल्या तरी चालतील. वास येतो म्हणजे कुठेतरी गळतंय, तेही शोधा. कॉक, नळी आणि कार्ब्युरेटर या क्रमाने.

प्रश्न : प्लास्टिकचा कागद झाकला तर धूळ बसत नाही. मग लोक कापडी कव्हर का घेतात?

उत्तर : प्लास्टिकखाली ओल कोंडते म्हणून. सकाळी कागद उचलून आतून हात फिरवा. जुनी सुती चादर बरी. आणि गाडी गार झाल्यावरच झाका.

प्रश्न : साइड स्टँडवर गाडी कलवून दोन्ही चाकं उचलायची आणि तिथल्या तिथे गरकन फिरवायची, असं माझा मित्र करतो. दोन सेकंदांत तोंड फिरतं. तुम्ही हे का सुचवत नाही?

उत्तर : कारण मी वेल्डिंगही करतो. सगळी गाडी एका बोल्टवर आणि चेसिसच्या एका कानावर, म्हणजे स्टँड जिथे जोडलेला असतो त्या तुकड्यावर, पेललेली असते. हलक्या गाडीला तो कान काही वर्षं सहन करतो. जड गाडीचा वाकतो, मग गाडी रोज थोडी जास्त कलून उभी राहते, आणि एके दिवशी शेजारणीवर जाते. मित्राच्या गाडीचा स्टँड मागून बघा. चाकापासून किती लांब टेकतोय ते मोजून लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा मला कळवा.