वाचकांचे प्रश्न : विमान विकत घेताना

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो आणि माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. एक अमेरिकन मित्र आणि मी मिळून १९७६ सालचे सेस्ना १७२ घेऊन त्यात जुन्या काटेवाल्या उपकरणांऐवजी डिजिटल पडदे आणि ऑटोपायलट बसवू इच्छितो. कोणत्या मंजुऱ्या लागतील?

उत्तर : आपली पहिली अडचण विमानाची नसून व्हिसाची आहे. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाकडे व्यक्तीच्या नावे विमान नोंदवायचे, तर ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. सहमालकीत ही अट प्रत्येकाला लागू असल्याने मित्र नागरिक असला तरी दोघांच्या नावे नोंदणी होणार नाही. अशा वेळी अनेक जण विमान अमेरिकी विश्वस्ताच्या ट्रस्टकडे सोपवतात. हा मार्ग कायदेशीर आहे, मात्र विश्वस्ताचे शुल्क दरवर्षी भरावे लागते.

उपकरणे बदलण्यासाठी त्या मॉडेलला लागू असलेले पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे एसटीसी (विमानाच्या मूळ रचनेत ठरावीक बदल करण्यास एफएएने दिलेली मंजुरी), आणि ते वापरण्याची प्रमाणपत्रधारकाची लेखी परवानगी लागते. आपण तेल किंवा टायर स्वतः बदलू शकता, पण ऑटोपायलट नाही. हे काम परवानाधारक मेकॅनिकने किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राने करावे लागते. मेकॅनिकने केल्यास तपासणीचा अधिकार असलेल्याने ते तपासून फॉर्म ३३७ वर, म्हणजे मोठ्या बदलाच्या नोंदीच्या अर्जावर, सही करायची असते. या फॉर्मची एक प्रत आपल्याकडे राहते आणि दुसरी, विमान पुन्हा सेवेत घेण्यास मंजुरी मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत, ओक्लाहोमा सिटीतील एफएएच्या कार्यालयात जाते. वजन व संतुलनाचा तक्ता सुधारणे, लॉगबुकात नोंद करणे आणि उड्डाण पुस्तिकेला पुरवणी जोडणे हेही त्यातच आले.

मात्र याहून मोठी जोखीम आपण करणार असलेल्या बदलांत नसून, आधीच होऊन गेलेल्या बदलांत आहे, असे मला वाटते. सुमारे ५० वर्षांच्या विमानात कोणीतरी कधीतरी रेडिओ किंवा जादा इंधनटाकी बसवलेली असतेच, आणि त्या बदलाचा फॉर्म ३३७ सापडला नाही तर पुढच्या वार्षिक तपासणीत विमान अडकते. तेव्हा विक्रेता हात झटकून मोकळा झालेला असतो आणि खर्च मात्र आपल्या गळ्यात पडतो. म्हणून इसार देण्यापूर्वीच एफएएकडून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवा आणि विक्रेत्याच्या नव्हे, आपण नेमलेल्या मेकॅनिककडून फाइलमधील प्रत्येक नोंद विमानाशी ताडून घ्या.