स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरसाठी रूबी भाषेत एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) लिहितेय. त्यात वेबपानासारखी खिडकी दाखवायला वेबडायलॉग वापरू की एचटीएमएलडायलॉग? (नाशिकच्या ऑफिसात विटा-सिमेंटचा हिशेब काढायला हवंय)

एचटीएमएलडायलॉगच वापरा, वेबडायलॉग स्केचअप २०१७ पासून कालबाह्य ठरवला आहे. जुना डायलॉग विंडोजवर इंटरनेट एक्स्प्लोरर आणि मॅकवर सफारीच्या इंजिनावर चालायचा, त्यामुळे एकच पान दोन्हीकडे वेगळं दिसायचं. नव्यात क्रोमियम (क्रोम ज्यावर बनलंय ते ब्राउझर) स्केचअपसोबतच येतं. असे डायलॉग मी ऑफिससाठी लिहिते, त्यावरून सांगते: खरी अडचण दिसण्याची नसते, पान आणि रूबी यांच्यातल्या निरोपांची असते. पानातून रूबीला मारलेली हाक उत्तरासाठी थांबत नाही, ती लगेच परतते. म्हणून पान पूर्ण उघडलं की त्यातल्या जावास्क्रिप्ट कोडने आधी 'तयार' असा निरोप द्यावा आणि रूबीने त्यानंतरच एक्झिक्यूट_स्क्रिप्टने (पानात जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या आज्ञेने) माहिती पाठवावी. हे न पाळल्यास डायलॉग कधी भरलेला, कधी रिकामा उघडतो आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. शिवाय:

- माहिती जेसनमध्येच (माहिती मांडायच्या ठरावीक मजकूर-स्वरूपात) पाठवा. मटेरियलच्या नावात अवतरणचिन्ह आलं की हाताने जोडलेली स्ट्रिंग (कोडमधला मजकूर) तुटते.
- सीएसएस (पानाची मांडणी-रंग ठरवणारी फाइल), फॉन्ट एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्येच ठेवा. सिन्नरच्या साइटवर नेट नसलं तरी डायलॉग नीट उघडला पाहिजे.
- मॉडेलमधले बदल स्टार्ट_ऑपरेशन आणि कमिट_ऑपरेशन या सुरुवात-शेवटाच्या आज्ञांच्या मध्ये करा, म्हणजे एका अनडूत सगळे मागे जातात.

मात्र विटेचं माप, सांध्याची जाडी असे तीन-चार आकडेच विचारायचे असतील, तर साधा यूआय.इनपुटबॉक्स (स्केचअपची तयार प्रश्न-चौकट) पुरतो. आणि कुणाकडे २०१६ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल, तर तिथे एचटीएमएलडायलॉग मिळणारच नाही.